मुक्या ठोक्याची गल्ली

मुंबईच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या मागे, एक अरुंद गल्ली आहे. पाटीवर तिला कुणा दानशूर गृहस्थाचं नाव आहे, पण हमालापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला मुक्या ठोक्याची गल्ली म्हणतात. एरवी इथे शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. हातगाडीवाले ‘बाजू, बाजू’ करत घुसतात, स्टीलच्या डब्यांचे ढीग खणखणतात, मोबाइलच्या दुकानांतली गाणी एकमेकांत मिसळतात. दुपारी तीनला मात्र हे सारं थांबतं. हातगाडी जागच्या जागी उभी राहते, गाणी बंद होतात. तीन हाका मारायला लागेल तेवढाच वेळ. मग टोकाच्या दुकानातून तांब्यावर एक ठोका पडतो आणि बाजार पुन्हा वाहू लागतो.

तो ठोका मारतात दत्ताराम वडके. पंचाहत्तरी ओलांडलेले हे काका गल्लीतले शेवटचे तांबट. कुणी नवखा माणूस दचकून थांबला, की ते त्याला दुकानाच्या फळीवर बसवून घेतात आणि आपल्या आजोबांकडून ऐकलेली हकिकत सांगतात.

त्या काळी, म्हणे, या गल्लीत तांबटांची चाळीस दुकानं होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड. उजाडलं की पहिला ठोका पडायचा आणि दिवेलागणीपर्यंत गल्ली घुमत राहायची. इथली तान्ही मुलं त्या ठोक्यांतच झोपायची. ठोके थांबले की जागी होऊन रडायची.

गल्लीचे प्रमुख होते अंताशेट करडे. लहानपणापासून तांबं ठोकून चाळिशीतच त्यांचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखायचे. पण ओट्याच्या दगडावर तळहात टेकवला की कुठल्या दुकानात कुणाचा हात चुकतोय, हे त्यांना अचूक कळायचं.

त्यांना लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकच मुलगी, कृष्णी. एका वर्षी शहरात तापाची साथ आली आणि नऊ वर्षांची कृष्णी अंथरुणाला खिळली. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा अंताशेटांनी गावदेवीला नवस बोलला, ‘पोर उठून बसू दे. एका दिवसात तुझा कळस घडवीन. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ठोका खंडू देणार नाही.’

कृष्णी उठून बसली. मग कळस एकट्या अंताशेटांचा राहिला नाही. सगळ्या गल्लीने तो वाटून घेतला. प्रत्येक दुकानाकडे कळसाचा एकेक भाग आला.

ठरल्या दिवशी सूर्याबरोबर चाळीस हातोडे उठले. दिवाळी तोंडावर आलेली, बाजार माणसांनी फुललेला. दुपार कलली तेव्हा कळसाचा घेर जवळजवळ तयार झाला होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मथुरा अंताशेटांच्या ओट्यापाशी आली. ती नाक्यावर वेण्या विकायची. पदर सुटलेला, तोंड कोरडं पडलेलं. अंताशेटांनी तिच्या ओठांकडे पाहिलं.

“शेट, माझी ठकू सापडत नाही. सकाळपास्नं शोधतेय. कुठंतरी हाक मारत असेल हो, पण या ठोक्यांत मला काही ऐकू येत नाही. जरा थांबवा.”

शेजारच्या दुकानातले बाळशेट गोंधळे धावत आले. “शेट, भलतंच करू नका! दोन-तीन तासांचा प्रश्न आहे. ज्या पोरीसाठी नवस बोललात तिचा तरी विचार करा.”

अंताशेटांनी वर पाहिलं. सज्ज्यात कृष्णी शाल पांघरून बसली होती. गालफडं अजून बसलेलीच होती. वडिलांकडे बघून ती हसली.  मग त्यांनी मथुरेकडे पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला.

गल्लीच्या मध्यात जाऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. एका दुकानातला ठोका थांबला, मग पुढच्यातला, मग सगळीकडचा. वरच्या बिऱ्हाडांतली तान्ही मुलं रडू लागली, तशी आयांनी त्यांना छातीशी धरून उगी केलं. गिऱ्हाइकं उभ्या जागी थांबली. मथुरेने लेकीला तीनदा हाक मारली.

कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मग अंताशेट रस्त्यावरच्या फरशीवर ओणवे झाले. दोन्ही तळहात दगडाला लावून, गुडघ्यांवर सरकत ते पुढे जाऊ लागले. तेलाच्या दुकानापुढे ते थबकले. दगडाखालून काहीतरी बोटांना लागत होतं. अगदी हलकं. थांबून थांबून.

“इथं,” ते ओरडले. “उचला ही फरशी!”

खाली जुनं, कोरडं पडलेलं पाण्याचं भुयार होतं. लपाछपी खेळताना ठकू मागच्या अंगाच्या भगदाडातून आत घसरली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, म्हणून ती मुठीतल्या सागरगोट्याने छत वाजवत होती. तिला वर काढलं तेव्हा मथुरेने तिला पदरात गुंडाळून घेतलं.

अंताशेटांनी त्या दिवशी पुन्हा हातोड्याला हात लावला नाही. तीन दिवस ते कृष्णीच्या उशाशी बसून राहिले, तिची नाडी बोटांखाली धरून. ताप परत येणार, नवस मोडून आपणच तो बोलावून घेतला, असंच त्यांना वाटत होतं. ताप आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी कृष्णी स्वतः जिना उतरली, दोन्ही हातांनी हातोडा उचलून तिने त्यांच्या पुढ्यात आणला.

“बाबा,” तिचे ओठ हलले, “देवीचा कळस राहिलाय.”

कळस चढला. कृष्णीने, असं सांगतात, पुढे पतवंडं पाहिली. आणि ठोके थांबले होते ती वेळ गल्लीने कायमची देवीच्या नावाने सोडून दिली.

आता तांबटांची मुलं बदलापूरला, विरारला, कुठे कुठे राहायला गेली आहेत. आजही तीनला दोन मिनिटं कमी असताना दत्तारामकाकांचा फोन वाजतो. कधी कुणी गोंधळे असतो, कधी करड्यांची सून. ‘काका, फोन धरा हं,’ एवढंच पलीकडून म्हणतात. काका फोन ओट्यावर उताणा ठेवतात. गल्ली गप्प होते, पलीकडचं माणूसही गप्प असतं. मग काका हातोडा उचलतात, आणि ठोका पडल्यावरही बराच वेळ पलीकडून फोन कुणी ठेवत नाही.