टाकीभर दूध आणि एक नाव

एका गावात एक दूध संघ होता. गावातली सगळी धार सकाळी संघाच्या मोठ्या टाकीत पडायची आणि दुपारी टँकर येईपर्यंत ती गार ठेवायचं काम एक संगणक करायचा. संघाचे व्यवस्थापक इंगवले साहेब भलतेच काटेकोर. कोणी पेला जागचा हलवला तरी त्यांचा पारा चढायचा.

टाकीला द्यायचे हुकूम संगणकातल्या एका फाइलीत लिहिलेले असत. त्यात कोणी अक्षर बदललं, तरी आधीची प्रत जपून राही. एक बटण दाबलं की त्याच पडद्यावर कालची प्रत दिसे, आणखी दाबलं की परवाची. बदल कोणी केला, ते मात्र कळत नसे. सगळे कारकून एकाच नावाने काम करत आणि त्याचा पासवर्ड पडद्यालाच चिकटवलेला होता!

ऐन वैशाखात एका सकाळी टाकी सांभाळणाऱ्या रेवतीबाई धावत आल्या.

"साहेब, टाकी गार हुईना. दूध कोमट लागतंय."

साहेबांनी फाइल उघडली. चार अंशांच्या जागी कोणीतरी चाळीस लिहून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबलं. कालच्या प्रतीत चारच होते. पण साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"हा गाढवपणा केला कुणी?"

"कुणी का करंना! कालचं बरोबर हाय न्हवं? तेच ठेवा की परत."

"आणि उद्या पुन्हा हेच? नाही बाई, आज सोक्षमोक्षच लावतो."

चाळिसाच्या खाली एक ओळ रिकामी सुटली होती. अशी ओळ हणमंत कारकून सोडतो, असं साहेबांना वाटलं. पण पुरावा हवा. मग ते मागे मागे निघाले. गेल्या महिन्याची प्रत, होळीची, दिवाळीची. कोणती ओळ कोणाच्या सवयीची, कोणी कधी रजेवर होतं, याचा ताळा बसेना. काय ही माणसं, एकालाही धड काम करता येऊ नये! साहेब स्वतःशीच चरफडत होते. प्रत्येक प्रतीत तो चारचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता. त्यांना तो दिसतही होता. पण त्यांना आकडा नको होता, माणूस हवा होता.

रेवतीबाई पुन्हा आल्या. "साहेब, दुधाला वास सुटलाय."

"थांबा हो जरा! सगळे मिळून डोकं खाताय नुसतं."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या निघून गेल्या.

दुपारी एकदाचा ताळा बसला आणि साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "सापडला! हणमंतच!"

हणमंत दारातच उभा होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मीच, साहेब. हात चुकला. इचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं."

इतक्यात रेवतीबाईंनी टाकीतलं पेलाभर दूध आणून टेबलावर ठेवलं. पाणी वेगळं झालं होतं, गुठळ्या तळाला बसल्या होत्या. टँकर रिकामाच परत गेला होता.

"नाव घावलं, लई बरं झालं, साहेब," बाई म्हणाल्या. "आता गावातल्या बाया दुधाचा दाम मागाय येतील. त्यांच्या पदरात ह्ये नावच घालू का?"



तात्पर्य: चूक कोणाची हे शोधण्याआधी चूक निस्तरावी. दोषी माणूस उद्याही सापडतो, दूध मात्र कोणासाठी थांबत नाही.