जाळीला बांधलेला ठिपका

"पोहोचलो म्हणतंय हे. मग आई कुठाय?"

दिगंबर दर्ग्याच्या जाळीसमोर उभा होता. हातातल्या फोनमधली बाई पुन्हा तेच बोलली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात.

दर्गा सांभाळणारे लतीफबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"चप्पल काढ बेटा."

"बाबा, माझी आई..."

"काढ. मग बोलू."

त्यानं चपला पायांनीच पायरीवर ढकलल्या.

मी त्याच्या मागोमाग धापा टाकत टेकडी चढून आले होते. त्याची आई शेवंताकाकू आणि आम्ही एका भिंतीचे शेजारी. त्यांच्या फोडणीत काय पडलं ते मला माझ्या चुलीपाशी कळतं. तेव्हा त्या घरातून नाहीशा झाल्या आणि मी घरी बसले, असं होणारच नव्हतं.

काकूंना आता फारसं आठवत नाही. दिगंबर त्यांचा एकुलता एक, पुण्याला असतो. मोठ्या गोदामांत बिनड्रायव्हरच्या गाड्या माल घेऊन फिरतात म्हणे, त्या गाड्यांना वाट शिकवायची नोकरी. त्यानंच काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात सुपारीएवढं यंत्र घातलं होतं. काकू हलल्या की त्याच्या फोनमध्ये लाल ठिपका हलायचा.

एकदा भरदुपारी त्याचा फोन आला, वहिनी, आई विहिरीत आहे. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. पळत गेले तर काकू विहिरीच्या काठावर बसून मेथी निवडत होत्या. ठिपका तेवढा आत पडला होता.

आज तर तो स्वतः घरी आला होता सुट्टीला. बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटरवर साहेबांशी बोलत बसला होता. काकू त्याच्या पुढ्यातून उंबरा ओलांडून गेल्या. आणि त्याला कळलं ते फोनवरून.

"बघा," तो बाबांना म्हणाला, "हा निळा मी. हा लाल, आई. एकावर एक आहेत. इथंच असली पाहिजे ती."

बाबांनी हात वर केला आणि जाळीकडे दाखवलं.

जाळीला लोकांनी काय काय बांधलेलं. लाल-हिरवे धागे, बांगड्या, एक पाळण्याची घंटी. त्यात खाली, काकूंचा हात पोचेल तिथं, काळा दोरा आणि ती सुपारी.

दिगंबर एकदम खाली बसला.

"कधी बांधलं?"

"आत्ताच. मी तिला पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर नव्हती. हाका मारल्या. या गुडघ्यांनी किती पळणार?"

बाबांचा आवाज शांत होता, पण हातातली माळ भराभर सरकत होती. ते पाहून मी पलीकडं नजर टाकली. टेकडीच्या मागं खडीची खाण आहे. सोडून दिलेली, पाण्यानं भरलेली. कठडा नाही.

दिगंबरनं दोऱ्याला हात घातला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"बाबा, हे माझं यंत्र आहे."

"मन्नत तिची आहे. ज्यानं बांधली त्यानं सोडायची."

"तिला मन्नत कशाची ते तरी कळतं का? तिला आज वार कुठला ते सांगता येत नाही."

"मला सांगितली तिनं."

"काय?"

"मुलगा शाळेतनं आला नाही म्हणाली. रोज हेच सांगते. आज म्हणाली, बाबा, हे बांधते, ह्यानं हरवलेलं माणूस सापडतं म्हणे."

...

ते त्यानंच सांगितलं होतं काकूंना. दोरा गळ्यात घालताना. मी समोरच होते. काकूंनी तेव्हा सुपारी मुठीत धरून विचारलं होतं, खरंच सापडतं का रे? आणि हा हसून म्हणाला होता, आई, गॅरंटी.

तो आता हसत नव्हता. फोनवर बोटं चालवायला लागला.

"ठीक आहे. म्हातारं माणूस फार लांब जात नाही. शेवटची जागा ही. हिच्याभोवती गोल काढतो. वहिनी, तुम्ही खाणीच्या बाजूनं जा. मी माणसं बोलावतो. सगळा गोल पिंजून काढू."

"तुझ्या त्या गाड्या वाट चुकतात का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, आत्ता नको."

"चुकतात का?"

"चुकल्या की थांबतात. आपण कुठं आहोत ते कळेनासं झालं की जागेवर उभ्या राहतात आणि आम्हाला कळवतात."

"आणि माणूस?"

दिगंबर उभ्या उभ्या एक पाय दुसऱ्यावर घासत होता.

"तुझ्या गोलाच्या मध्ये कोण आहे?"

"सांगितलं ना. ही जाळी."

"जाळीला ती शोधत नाही."

"मग?"

"तुला शोधतेय. गोल तुझ्याभोवती काढ."

"मी तर इथं आहे."

"शाळा सुटल्यावर कुठं असायचास?"

...

वारा होता. पाळण्याची घंटी थोडीशी वाजली. मला राहवेना. मी म्हटलं, भाऊजी, बोला की काहीतरी, उन्हं उतरायला लागली.

"आठवत नाही," तो म्हणाला. मग, "जिनिंगमध्ये."

आमच्या गावात सरकी काढायचा कारखाना होता, त्याला सगळे जिनिंग म्हणायचे. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा बंदच पडला होता, पण सासूबाई सांगायच्या. कापसाचे हे एवढे ढीग असायचे आणि पोरं त्यावर उड्या मारायची.

"शाळा सुटली की आम्ही तिथं. कापूस नाकातोंडात जायचा. आई यायची छडी घेऊन. लांबून हाक मारायची आणि मी ढिगात खोल जायचो."

"मग जा तिथं."

त्यानं फोनवर जिनिंग लिहिलं. फोननं नागपूरचा कुठलातरी कारखाना दाखवला. त्यानं परत लिहिलं. मग गावाचं नाव घालून लिहिलं. ती जागा आता प्लॉट पाडून विकलीय, तिथं कमान आहे आणि कमानीवर निराळंच नाव आहे.

"सापडत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "मी कुठून जायचो तेच... वहिनी, तुम्हाला माहीत आहे?"

"कमानीकडून डांबरी रस्ता आहे. लांबून."

"आई डांबरी रस्त्यानं नाही जाणार. तिच्या डोक्यात तो रस्ता नसेलच."

"कुठून आठवतंय तुला?" बाबांनी विचारलं.

"शाळेपासून. शाळेचं फाटक आणि पुढं नाला."

"मग शाळेपासून निघ."

तो चपला न घालताच पायऱ्या उतरला. मीही पदर खोचला. मागं बघितलं तर बाबा भिंतीला धरून उठत होते.

शाळा टेकडीच्या पायथ्याशीच. फाटकापाशी तो क्षणभर उभा राहिला आणि डावीकडं वळला. फोन हातात होता पण खाली लोंबत होता. नाला आला. नाल्यात आता गटाराचं पाणी आहे. तो सरळ आत उतरला. मी साडी वर धरून मागं. पलीकडं त्यानं म्हटलं, इथं बोरीचं झाड होतं. नव्हतं. पुढं म्हणाला, इथून तारेतनं आत जायचो. तिथं भिंत होती, नवी, वर काचा लावलेली.

तो भिंतीच्या कडेनं उजवीकडं गेला, परत आला, डावीकडं गेला. मग पळायलाच लागला. एका माणसाला धडकला. माझी आई बघितली का, म्हातारी, हिरवं लुगडं. दिगंबर पुढं पळाला, आणि वळून परत त्याच भिंतीशी आला.

"भाऊजी, दम खा," मी म्हटलं.

तो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. श्वास लागला होता त्याला.

तेव्हा भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"दिगूऽऽ..."

तो तसाच वाकलेला राहिला.

"दिगू, ये रे बाहेर. मारत नाही मी."

भिंत कुठं संपते ते मला माहीत होतं. तिथून आत शिरलो. मोकळे प्लॉट, चुन्याच्या रेघा, मध्ये घरांच्या पायासाठी खणलेले खड्डे. एका खड्ड्याच्या अगदी तोंडाशी काकू उभ्या. एक चप्पल पायात, एक नाही. हातात कुठूनशी मोडून घेतलेली बारीक फांदी. खाली खड्ड्यात वाकून बघत होत्या आणि हाका मारत होत्या.

"आई," दिगंबर म्हणाला. "मी आलो. मी आहे."

काकूंनी वळून पाहिलं. नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. डोक्यावरचे पिकलेले केस, शर्ट, चिखलानं भरलेले पाय.

"तुम्ही बघितलात का हो भाऊ? एवढासा आहे. खाकी चड्डी."

"आई, मीच दिगू."

काकू घाबरल्या. एक पाऊल मागं गेल्या. मागं खड्डा होता. मातीचं एक ढेकूळ सुटून आत पडल्याचा आवाज आला.

दिगंबर जागच्या जागी थांबला. तिला धरायला पुढं केलेले दोन्ही हात त्यानं हळूच खाली घेतले. मी त्याच्या पुढं झाले.

"काकू, मी मालन. भिंतीपलीकडची."

"मालन, अंधार पडेल गं. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नाही."

"हो ना. चला, बाबांना विचारू. त्यांनी पाहिला असेल."

बाबांचं नाव काढल्यावर त्यांनी हात दिला. मी खेचूनच घेतला. हात बर्फासारखा गार, आणि घामानं ओला.

दिगंबर आमच्या मागून चालत होता, चार हात अंतर ठेवून. जवळ आला की काकू थांबायच्या.

बाबा पाण्याचा तांब्या घेऊन सगळी टेकडी उतरून सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसले होते. गुडघे दोन्ही हातांनी दाबत होते. आम्हाला बघून माळ त्यांनी खिशात टाकली.

"बाबा, आला का हो?" काकूंनी विचारलं.

"बस अम्मा. पाणी पी."

काकू बसल्या नाहीत. पाणी मात्र प्यायल्या. अर्धा तांब्या ठेवला, दिगूसाठी म्हणाल्या.

दिगंबर बाजूला उभा होता. मगाशी ज्या तोऱ्यात चढला होता तो उतरून गेला होता सगळा. तो हळू आवाजात बोलला, जशी दवाखान्यात माणसं बोलतात.

"बाबा, सापडली. तुम्ही म्हणालात तिथंच. पण घरी यायला तयार नाही. मुलगा मिळाल्याशिवाय येणार नाही म्हणते. मी समोर उभा आहे आणि ती मला शोधतेय. हात धरू गेलो तर खड्ड्यात पडत होती."

बाबांनी तो अर्धा तांब्या झाकून ठेवला.

"उद्या परत निघेल. परवाही निघेल. मी तिला कसं सांगू की मी सापडलोय?"

...

काकूंनी फांदी पुन्हा हातात घेतली आणि शाळेच्या दिशेनं चालायला लागल्या. एका चपलेनं, लंगडत. मी उठले. बाबांनी मला हातानं बसवलं.

"मी काय करू, बाबा?"

बाबांनी शाळेकडं निघालेल्या काकूंकडं बोट दाखवलं.

"तिला एकटीला कशाला शोधायला लावतोस?"