मैत्रीचा पाठ

त्या राज्यात शिकलेल्यांना मोठा मान होता, आणि शिकण्याचे ठिकाण एकच होते: डोंगरात कोरलेला विहार. धीरक नावाचा म्हातारा हत्ती तिथला आचार्य. सगळे त्याला भन्ते म्हणत.

सुवाक नावाचा पोपट त्याचा सर्वांत जुना शिष्य. विहारातले सारे पाठ त्याला मुखोद्गत होते. कुणाचा एखादा उच्चार चुकला, की तो फांदीवरूनच दुरुस्त करी. भन्ते थकले की पिलांना शिकवायचे काम आपल्याकडेच येणार, हे त्याने मनाशी पक्के धरले होते.

एका वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात, शल्लक नावाचे साळिंदर विहारात आले. त्याच्या रागाला कंटाळून त्याच्याच कुळाने त्याला हाकलले होते. मागून नुसती चाहूल लागली तरी त्याचे काटे उभे राहत. आल्याआल्याच त्याने एका हरिणीचा पाय रक्तबंबाळ केला. पाठांतराच्या नावाने तर सगळा आनंदच होता. तरी धीरक त्याला रोज भिक्षेला सोबत नेई, आणि वाटेत दोघे हळू आवाजात बोलत राहत.

सुवाकाला ते बघवेना. शल्लक पाठात अडखळला, की त्या दिवशी त्याला उंबर गोड लागे. न अडखळता त्याने एखादी ओळ म्हटली, की खाणे घशाखाली उतरत नसे.

शेवटी त्याने विचारलेच, "भन्ते, त्याला धड एक पाठ येत नाही. तुमचा सारा वेळ मात्र त्याच्यासाठी. माझ्याशी कधी बोलता?"

"तू कधी काही विचारतच नाहीस, सुवाक," धीरक म्हणाला.

वर्षावास संपला. सर्वांना जमवून धीरकाने सांगितले, "यंदाची पिले शल्लकाजवळ राहतील."

पिले लगेच शल्लकाला चिकटून बसली. सुवाकाचा आवाज चिरकला. "हा काय शिकवणार? याला मैत्रीचा पाठसुद्धा येत नाही!"

"खरे आहे, दादा," शल्लक म्हणाला. "शब्द माझ्या ध्यानात राहत नाहीत. तुम्ही म्हणा, मीही पिलांबरोबर बसून ऐकतो."

एवढी नम्रता सुवाकाला शिवीपेक्षा जास्त झोंबली. तो झेपावला आणि शल्लकाच्या नाकावर त्याने चोच मारली. एकदा, पुन्हा, पुन्हा. शल्लकाचे काटे सळसळत अर्धे वर आले. त्याने कुशीतल्या पिलांकडे पाहिले. काटे थरथरले आणि हळूहळू पाठीवर आडवे झाले. पिलांपैकी एकालाही ओरखडा उठला नाही.



"सुवाक," धीरक म्हणाला, "म्हण आता पाठ."

सुवाक फांदीवर जाऊन बसला आणि मैत्रीचा पाठ म्हणू लागला. एक अक्षर चुकले नाही, कुठे सूर ढळला नाही. पण पिले ऐकत नव्हती, वर बघत होती. पोपटाची चोच मुळातच लाल. आज ती ओली होती, आणि प्रत्येक शब्दागणिक तिच्यावरून एक थेंब खाली निथळत होता.