सुवेणीचा श्वास

पूर्वी, त्रेतायुग उतरणीला लागले असता, पूर्वसमुद्राने वेढलेल्या शंखद्वीपावर लोहभक्ष नामक दैत्य माजला. खड्गे, परशू, फार काय घरोघरच्या विळ्याही त्याने गिळल्या. निःशस्त्र झालेली प्रजा दृढायू ऋषींना शरण गेली.

दृढायूंना सुवेणी नावाची सात वर्षांची आईवेगळी कन्या होती. रोज प्रातःकाळी ती मागून येऊन पित्याचे डोळे झाकी आणि विचारी, “ओळखा, मी कोण?” ऋषी मुद्दाम म्हणत, “कपिला गाय!” मग ती खुदुखुदु हसे. तपाला बसण्यापूर्वी तिला दूरच्या पर्वतगुहेत तपस्विनींच्या स्वाधीन करताना ऋषींचा पाय निघेना.

बारा वर्षांच्या घोर तपाने वायुदेव प्रसन्न झाले. दृढायू म्हणाले, “हे जगत्प्राणा, शस्त्रावाचून लढण्याची विद्या दे. विचार उठण्यापूर्वीच माझा हात उठो!”

“ऋषे, विचार करून माग,” वायू म्हणाले. पण घाई झालेल्याला विचार कुठला सुचायला!

“हेच माग‌णे, देवा.”

“तथास्तु.”

मग तालवनांनी शोभणाऱ्या त्या सागरतीरावर तीन दिवस घनघोर युद्ध झाले. पर्वतप्राय लोहभक्षाचे वक्षःस्थळ ऋषींनी केवळ मुठीने विदीर्ण केले. द्वीपभर दुंदुभी वाजल्या. ऋषी दमून वाळूवर बसले, आणि लेकीला आणायला कोणाला धाडावे याचाच विचार करू लागले.

दुंदुभी गुहेतही ऐकू गेल्या होत्या. एकोणीस वर्षांची सुवेणी धावतच आली. बाबा पाठमोरे दिसताच तिला जुना खेळ आठवला. पाऊल न वाजवता ती मागे गेली आणि तिने त्यांचे डोळे झाकले.

“ओळखा, मी—”

हात उठला. विचार मागाहून आला.

तिला मांडीवर घेऊन ऋषींनी आक्रोश केला, “वायो, तू साक्षात प्राण आहेस! हिचा प्राण परत दे!”

वायू खाली मान घालून म्हणाले, “गेलेला श्वास मलाही वळवता येत नाही. तुला दिलेला वर तेवढा परत घेतो.”

“नको. लोकांना ही विद्या हवी आहे. पण हात उठण्यापूर्वी विचारासाठी एका श्वासाचे अंतर ठेव.”

“तेवढ्यात शत्रूचा पहिला प्रहार अंगावर येईल.”

“येऊ दे! तो अडवायला शिकवीन मी. पण जो या विद्येने प्रथम प्रहार करील, त्याची विद्या तत्क्षणी नष्ट होवो!”

म्हणूनच दृढायूंच्या या निःशस्त्र युद्धविद्येच्या संप्रदायात शिष्य आधी वंदन करतो, आणि त्याचा पहिला हात नेहमी अडवण्याचाच असतो. सरावाच्या ठरलेल्या हालचालींत एके ठिकाणी तो गर्रकन मागे वळतो, उगारलेली मूठ उघडतो आणि एक श्वासभर थांबतो. स्वतः सराव करताना त्या श्वासात दृढायू रोज समोरच्या रिकाम्या जागेला हळूच सांगत, “सुवेणी. माझी सुवेणी.”