येणाऱ्या पाण्याची वाट

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते मला विचारू नका. तेव्हाही राजे होते आणि त्यांचे कारकून होते, एवढं कळलं की पुरे.

त्या राज्यात एका टेकडीच्या उतारावर एक गाव होतं. गावाच्या अगदी तळाला, शेवटच्या घरात गिरजाक्का नावाची विणकरीण राहायची. बाई एकटी, पण हात असा की तिनं विणलेलं लुगडं चारचौघींत उठून दिसायचं. तिचा माग जमिनीतला होता. म्हणजे घरातच गुडघाभर खड्डा, त्याच्या काठावर बसून पाय आत सोडायचे, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. त्या खड्ड्याच्या जिवावर तिची चूल पेटत होती.

एके वर्षी राजानं टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळानं गावात आणलं. बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले. ढोलताशे वाजले, पेढे वाटले. गिरजाक्कानंही पेढा खाल्ला.

पण बाबांनो, घरात आलेलं पाणी पुढे कुठे जाणार, हे कुणी एकानं तरी विचारावं की नाही? प्रधानानं विचारलं नाही, गावच्या पाटलानं विचारलं नाही. मग व्हायचं तेच झालं. आंघोळीचं, धुण्याभांड्यांचं, गोठ्यातलं सगळं पाणी उतारानं निघालं आणि गिरजाक्काच्या भिंतीखालून झिरपून मागाच्या खड्ड्यात साठलं.

ती रोज सकाळी तांब्यानं पाणी उपसायची. दुपारपर्यंत खड्डा पुन्हा घोट्यापर्यंत भरायचा. मग काय करणार? त्या घाण पाण्यात पाय सोडूनच ती विणायची. शेवटी ती पाटलाकडे गेली.

पाटील म्हणाला, "अक्का, नळ राजाचा, पाणीही राजाचं. मंजुरी नसताना साधा चर खणला तरी माझी पाटीलकी जाईल. तू राजधानीत अर्ज दे."

दोन दिवस चालून गिरजाक्का राजधानीत पोचली.

आता राजवाड्याची एक तऱ्हा सांगायला हवी. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चांगलीच रीत आहे. पण राजाचे पणजोबा एकदा 'जातो' म्हणून लढाईला निघाले, ते परतलेच नाहीत. तेव्हापासून वाड्यात 'जाणे' हा शब्दच बंद झाला. सगळं 'येणे'! पाहुणे निघाले तरी 'पाहुणे आले'. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांना कळेना, पानं वाढायची की उचलायची. पण बोलणार कोण?

वाड्यात अर्ज लिहून घेणाऱ्या कारकुनानं बोरू उचलला. "बोला बाई, काय हवं?"

"रावसाहेब, जाणाऱ्या पाण्याला वाट हवी."

कारकुनाच्या हातातला बोरू खाली पडला. "शिव शिव शिव! बाई, इथे असं बोलत नाहीत. येणाऱ्या पाण्याला म्हणा."

"अहो, पण येणारं पाणी येतंयच की! जात नाही, हेच तर रडगाणं आहे माझं."

"पुन्हा तेच! बाई, अर्थ सगळ्यांना समजतो. तुम्ही काळजी करू नका." आणि त्यानं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'गावात येणाऱ्या पाण्याला वाट करून द्यावी.'

कागद वर गेला. प्रधानानं वाचला, राजानं मंजूर केला. राजाचं मन मोठं होतं हो, खोटं कशाला बोला! चार महिन्यांनी गवंडी आले आणि त्यांनी झऱ्यापासून गावापर्यंत दुसरा नळ टाकला.

पुन्हा ढोलताशे. पुन्हा पेढे. या वेळी गिरजाक्कानं पेढा खाल्ला नाही. खड्ड्यातलं पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं.

ती पुन्हा राजधानीत गेली. या खेपेला तिनं वाटेत नीट विचार केला होता. 'जाणे' हा शब्दच नको ना? नको तर नको.

"रावसाहेब, आमच्या गावाला गटार बांधून द्या."

"गटार?" कारकुनानं नाकाला उपरणं लावलं. "अहो, खजिन्यात गटाराचं खातंच नाही. पाण्याचं खातं एकच, 'येणारे पाणी'. त्याच खात्यातून मागितलंत तर लगेच मिळेल."

"पण मला येणारं पाणी नकोच आहे!"

"नको कसं? गेल्या खेपेला तुम्हीच मागितलं होतं. हा बघा तुमचा अर्ज." आणि त्यानं अगदी आपुलकीनं लिहिलं, 'पहिली वाट अपुरी पडली, सबब मोठी करून द्यावी.'

तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय करावं! वाईट म्हणावं तर तो वाईटही नव्हता. त्यानं तिला पाणी विचारलं, बसायला घोंगडी दिली आणि निरोप देताना गोड आवाजात म्हणाला, "या हं, बाई!"

तिसरा नळ आला तो मांडीएवढा जाड. गिरजाक्काची मागची भिंत भिजून खचली. मागाचं लाकूड कुजलं. तिच्या पायांची कातडी पांढरी पडून सोलली, घोटे सुजले. तरी कुजक्या मागावर ती विणत राहिली, कारण पोट कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

तीन-तीन नळ असलेलं गाव राज्यात दुसरं नव्हतं, म्हणून ते बघायला राजा स्वतः आला. सोबत प्रधान आणि तो कारकूनही होता. पारावर सगळं गाव जमलं.

राजानं कौतुकानं विचारलं, "काय मंडळी, पाणी येतं ना भरपूर?"

"येतं, महाराज!" सगळे एका सुरात म्हणाले.

"येतं ना! नुसतं येतंच!" पाराच्या कडेला धरत धरत गिरजाक्का पुढे आली. पाटलानं डोळे वटारले, तिनं बघितलंही नाही. "महाराज, तीन वर्षं येतंय आणि जात नाही! जात नाही, जात नाही, जात नाही! सगळ्या गावाची घाण माझ्या घरात उभी आहे. चला, बघायला चला!"

कारकुनानं कानांवर हात ठेवले. राजा मात्र उठला आणि तिच्या घरी गेला. खचलेली भिंत त्यानं पाहिली, खड्डा पाहिला, तिचे पाय पाहिले. मग तो मागे वळून ओरडला, "हे मला कुणी कळवलं का नाही?"

"दोनदा कळवलं, महाराज," कारकून चाचरत म्हणाला. "फक्त... शुभ शब्दांत कळवलं."

राजाची मान खाली गेली. त्यानं तिथल्या तिथे चर खणायचा हुकूम दिला. सगळं गाव कुदळी घेऊन उतरलं आणि आठ दिवसांत सगळं पाणी ओढ्याला लागलं. ऐकलंत ना? आठ दिवसांचं काम होतं!

खड्डा कोरडा झाला. राजानं सागवानी लाकडाचा नवा माग पाठवला. सुतारानं तो बसवून दिला आणि शेजारच्या बायका बघायला जमल्या. गिरजाक्का काठावर बसली. हातांनी उचलून तिनं एकेक पाय खड्ड्यात सोडला, धोटा हातात घेतला आणि पट्टी दाबायला गेली.

पाय हलले नाहीत.

तात्पर्य: ज्यांना गावाची अडचण तिच्या खऱ्या नावानं ऐकवत नाही, त्यांनी कितीही मोठ्या मनानं दिलं तरी ते गावाच्या कामी येत नाही.