सरकारांची सही

डोंगरातल्या एका संस्थानात तलावापलीकडे महारोग्यांची वस्ती होती. पहाटे धुकं इतकं दाट उतरायचं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, हेच कळायचं नाही. त्या धुक्यातून मार्थाबाई भिंगारदिवे एकट्या होडी वल्हवत पलीकडे जात.

बाई ख्रिस्ती होत्या. धर्माबद्दल अवाक्षर काढाल तर हद्दपार व्हाल, असं संस्थानच्या राजांनी, म्हणजे सरकारांनी, त्यांना बजावलं होतं. बाईंनी ते पाळलं. त्या नुसत्या जखमा धूत, पेज भरवत, मरणाऱ्याचा हात धरून बसत.

तरी वस्तीतले लोक म्हणू लागले, "बाईंचा ख्रिस्त असाच असणार!"

हे कानावर येताच सरकारांनी बाईंना दरबारात बोलावलं. "आमचा हुकूम मोडलात?"

"नाही सरकार. मी एक शब्दही बोलले नाही."

"मग तुमचं वागणं हाच प्रचार आहे. ते बंद करा!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "करते सरकार. फक्त तसं स्पष्ट लिहून द्या. कुणाची जखम धुऊ नये, भुकेल्याला भरवू नये, मरणाऱ्याला एकटं सोडावं. खाली आपली सही करा, म्हणजे माझ्या हातून चूक व्हायची नाही."

सरकारांनी लेखणी उचलली. ती बराच वेळ कागदावर तशीच अधांतरी राहिली. अखेर त्यांनी ती खाली ठेवली.

"असल्या कागदाखाली आमचं नाव नको," ते हळूच म्हणाले. "जा बाई. लोक उपाशी असतील."