विश्रांतीतले ठोके

एकदा एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले, की ती शेळ्यांच्या गोठ्याचे दार उघडते त्या क्षणी आतले रवंथ थांबते. बारा तोंडे एकदम स्थिर होतात. तिला ते जरा खटकले. पण वहीत रवंथासाठी रकाना नव्हता; रकाना होता हृदयाच्या ठोक्यांसाठी. तिने समासात पेन्सिलीने 'रवंथ बंद' एवढे लिहिले, पांढरा एप्रन सारखा केला आणि स्टेथोस्कोप कानाला लावला.

ती प्राण्यांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करत होती. स्वभावाने भित्री, मागून कुणी हाक मारली तरी दचकणारी. आणि म्हणूनच की काय, कामात फार काटेकोर. सहा आठवडे, रोज सकाळी नऊला, प्रत्येक शेळीचे पूर्ण एक मिनिट. ग्रंथांत विश्रांत शेळीचे ठोके सत्तर ते नव्वद दिलेले. तिला मिळत होते एकशे तीसच्या घरात. तिने उपकरण बदलले, घड्याळ बदलले, आकडे काही बदलेनात. शेळ्या राखणारा केरबा एकदा सहज म्हणाला होता, की आम्ही छातीला हात लावला तर एवढं धडधडत नाही, ताई. तिने ते हसून ऐकले. केरबाच्या हाती घड्याळ कुठे होते?

शेवटी तिने अहवाल लिहिला: या कळपाला हृदयाचा जन्मजात विकार असावा, चार शेळ्या मारून, छाती उघडून खात्री करावी.

संस्थेत एक वृद्ध आचार्य होते. निवृत्त होऊनही आठवड्यातून एकदा येत, आणि विद्यार्थी आपले लिखाण त्यांना दाखवत. तिनेही वही आणि अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी ते शेवटच्या पानापर्यंत वाचले. तिला म्हणाले, दमलेली दिसतेस, बस, पाणी पी. ती बसली. ते उठून तिच्या पाठीमागच्या कपाटाकडे गेले आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांनी भरलेला स्टीलचा ट्रे त्यांनी सरळ फरशीवर लोटून दिला.

ती किंचाळलीच. पेला कलंडला, पाणी मांडीवर सांडले. श्वास परत येण्याआधी म्हाताऱ्याने तिचे मनगट धरले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. मग तिचीच वही उघडून, बाराव्या शेळीखालच्या कोऱ्या ओळीत, वळणदार अक्षरात लिहिले: 'क्रमांक तेरा. स्थिती: खुर्चीत बसलेली, विश्रांत. ठोके: एकशे सव्वीस. निष्कर्ष: हृदयाचा जन्मजात विकार. शिफारस: छाती उघडून पाहावी.'

तिने वाचले. अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ रागही.

"सर, हे काय लिहिलंत? मी दचकले होते. तुम्हीच दचकवलंत मला."

"तुला निदान हे सांगता तरी आलं," आचार्य म्हणाले. "त्या बारा जणींनी कुणाला सांगायचं?"

त्यांनी वहीच्या समासातल्या 'रवंथ बंद' या शब्दांवर बोट ठेवले.

"अगं, पांढरा एप्रन घातलेला माणूस त्यांना एकाच कामासाठी माहीत आहे, सुई टोचण्यासाठी. तू दारात आलीस की त्यांचं तोंड थांबतं आणि काळीज पळू लागतं. नेमकं तेव्हा तू घड्याळ सुरू करतेस. तुझी मोजणी चोख आहे. पण त्या आकड्यात शेळी किती आणि तू किती, हे वेगळं केलंच नाहीस. आपल्यापुढे थरथरणाऱ्याला आपण दुबळा ठरवतो. ठरवण्याआधी दोन पावलं मागे सरून बघावं, थरथर थांबते का."

मग वही मिटत त्यांनी विचारले, की हा अहवाल अजून कुणाकडे दिला नाहीस ना?

तिने झटकन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. अहवालाची एक प्रत तिने आधीच संस्थेच्या समितीला दिली होती, आणि समितीने शिफारस परवाच मंजूर केली होती. चार शेळ्या आज दहा वाजता, टेकडीपलीकडच्या शवविच्छेदनगृहात. घड्याळात दहाला आठ मिनिटे होती.

आचार्यांच्या हातातले पेन हवेतच राहिले. एवढे त्यांनाही ठाऊक नव्हते. "फोन लाव," ते कसेबसे म्हणाले.

विभागप्रमुखांचा फोन वाजून वाजून बंद झाला. केरबाचा मोबाइल लागेना. तिने शवविच्छेदनगृहाचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. काल त्या चौघींच्या गळ्यात ओळखीसाठी लाल फीत तिनेच बांधली होती. बांधताना एकीनेही मान हलवली नव्हती, आणि तिला वाटले होते, किती शांत आहेत. त्या शांतपणाचा अर्थ आत्ता, फोन कानाला लावलेला असताना, तिला कळला: त्या भीतीने थिजल्या होत्या. तिने पुन्हा नंबर फिरवला. आणि पुन्हा.

तिसऱ्या वेळी कुणीतरी रिसीव्हर उचलला.

"हॅलो, केरबा बोलतोय. लवकर बोला, डॉक्टर हातमोजे चढवायलेत."

ती जिवाच्या आकांताने ओरडणारच होती. तोच रिसीव्हरमधून गुळगुळीत फरशीवर खूर घसरल्याचा आवाज आला, अगदी त्याच्या शेजारून. तिने उघडलेले तोंड मिटले, आणि आवाज होईल तितका खाली आणला.

"केरबाकाका, चूक माझी आहे. डॉक्टरांना थांबवा. पण हळू सांगा. त्या ऐकतायत."